पंडिता रमाबाईंची विलायतेची तयारी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी या वर्षी प्रत्येकीने एका थोर स्त्रीचे चरित्र लिहावे असे ठरले. माझ्या वाट्याला रमाबाई आल्या. नागपुरात रमाबाई म्हटले की प्रथम डोळ्यांपुढे येतात त्या बाबासाहेबांच्या पत्नी रमाई. त्यांच्यावर आपल्यापैकी एक भगिनी लिहीतच आहेत. दुसऱ्या आठवतात त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी. मी लिहिणार आहे ती तिसऱ्या रमाबाईंवर, म्हणजे पंडिता रमाबाईंवर. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेच्या गोष्टी माझ्याकडून होणार नाहीत. वाचनालयातून आणलेली दोन-तीन पुस्तके दुपारच्या वेळी वाचली आणि जे मनात राहिले ते लिहीत आहे.

केडगावच्या मुक्तिसदनाविषयी बहुतेकींना थोडेफार ठाऊक असते. मला अधिक वाचावेसे वाटले ते १८८२ आणि १८८३ या दोन वर्षांविषयी, म्हणजे बाई विलायतेस कशा निघाल्या त्याविषयी. घरातले कोणी परगावी जाणार असले की आठ दिवस आधीपासून चिवडा-लाडू, कपडे, कागदपत्रे यांची धांदल कशी उडते हे आपणां सर्वांना माहीत आहे. माझी मुलगी पुण्यास परिचारिकेचे शिक्षण घ्यावयास गेली तेव्हा एका दाखल्यासाठी चार खेपा झाल्या. मग दीडशे वर्षांपूर्वी एक विधवा बाई, हाती पैसा नाही, पदरी दोन वर्षांची मुलगी, इंग्रजी नुकतेच शिकावयास लागलेली, ती सातासमुद्रापलीकडे जाण्याची तयारी कशी करते?

तत्पूर्वीची हकिगत थोडक्यात सांगते. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. ते ठिकाण आता कर्नाटकात येते. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवावे ही त्यांची हौस, आणि त्यापायी शास्त्रीमंडळींचा रोष पत्करून ते रानात जाऊन राहिले. आई लक्ष्मीबाई शिकल्या आणि त्यांनी लेकीला शिकविले. भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीला लहानपणीच पाठ होते. पुढे घरदार सुटले आणि सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर पायी फिरू लागले. १८७४ च्या सुमारास दुष्काळ आणि उपासमार यांत आधी वडील गेले, मग आई गेली, मग थोरली बहीण गेली. उरलेली दोघे बहीण-भाऊ चालत चालत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. तेव्हापासून ती पंडिता रमाबाई. दोन वर्षांनी भाऊही वारला. १८८० साली त्यांनी बिपिन बिहारी मेधावी नावाच्या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने वारले. मुलगी तेव्हा दहा महिन्यांचीही नव्हती.

एवढे सगळे वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत! मी तो भाग वाचताना पुस्तक मिटून ठेवले होते.

त्याच वर्षी रमाबाई पुण्यास आल्या. प्रार्थना समाजाच्या मंडळींनी त्यांचे स्वागत केले आणि १ जून १८८२ रोजी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. आपल्यासारखी महिला मंडळे आज गल्लोगल्ली आहेत, पण मराठी मुलखात बायकांनी एकत्र बसून आपल्या प्रश्नांची चर्चा करावी या प्रथेच्या मुळाशी हा समाज आहे, म्हणून आपण तरी त्याची तारीख लक्षात ठेवावी. त्याच सुमारास सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटरसाहेबांचे कमिशन नेमले होते. त्याच्यापुढे रमाबाईंनी साक्ष दिली. मुलींना शिकवावयास स्त्री-शिक्षिका हव्यात आणि बायकांवर उपचार करावयास स्त्री-डॉक्टर हव्यात, कारण पुरुष वैद्यापुढे बोलण्याची लाज वाटून कित्येक बायका तशाच मरतात, असे त्यांनी सांगितले. या म्हणण्याचा विलायतेत बराच बोलबाला झाला. पुढे १८८५ साली लेडी डफरीन यांच्या नावाने बायकांच्या दवाखान्यांसाठी निधी निघाला. अमरावतीच्या माहेरवाशिणींना डफरीन हा शब्द नवा नाही. बाळंतपणाचा दवाखाना म्हणजे डफरीन, असेच तिकडे म्हणतात.

साक्ष दिली खरी, पण स्त्री-डॉक्टर यावयाच्या कोठून? आपणच ती विद्या शिकावी असे रमाबाईंच्या मनाने घेतले. त्यासाठी इंग्रजी हवे आणि विलायत हवी. येथून तयारी सुरू झाली.

येथे मला आपल्या हिस्लॉप साहेबांची आठवण येते. हिस्लॉप कॉलेजावरून जात नाही असा नागपूरकर विरळाच, पण ते नाव कोणाचे हे सगळ्यांना ठाऊक असतेच असे नाही. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे पाद्री. १८४४ साली ते पत्नीसह मायदेशाहून निघाले आणि १८४५ च्या फेब्रुवारीत नागपुरास पोचले. त्यांना पाठविणारे मंडळ होते, पैशाची तजवीज होती आणि परधर्मीयांत जाऊन काम करण्यासाठी तरुणांना तयार करण्याची त्या लोकांची रीतच होती. तिकडून इकडे येणाऱ्यांची वाट अशी मळलेली होती. इकडून तिकडे जाणाऱ्या बाईला मात्र वाटच नव्हती. समुद्र ओलांडला की पुरुषालाही प्रायश्चित्त घ्यावे लागे. विधवेची तर गोष्टच सोडा.

पहिली तयारी भाषेची. पुण्यात मिस हरफर्ड नावाची मिशनची बाई होती. ती रानड्यांच्या रमाबाईंना इंग्रजी शिकवावयास येत असे. तिच्याकडे पंडिताबाईही शिकू लागल्या. संस्कृत, मराठी, कानडी, हिंदी, बंगाली येणारी बाई मुळाक्षरांपासून आरंभ करते! विद्येची तहान असली की मान आड येत नाही. त्याच दिवसांत फादर नीळकंठशास्त्री गोरे यांच्याशी त्यांच्या धर्मावर चर्चा होत. गोरे हे मूळचे काशीचे चित्पावन शास्त्री, ख्रिस्ती होऊन धर्मोपदेशक झालेले. पुण्याच्या पंचहौद मिशनात इंग्लंडमधील वाँटेज गावच्या जोगिणींची एक शाखा होती. सेंट मेरीच्या या जोगिणींना आपण नन म्हणतो. त्यांच्याशी रमाबाईंची ओळख झाली आणि तिकडे जाण्याचा बेत त्यांच्यामार्फत ठरला.

आता मला सर्वांत आवडलेला भाग. रमाबाईंनी त्यांच्याकडून दान घेतले नाही. वाँटेजच्या मठात हिंदुस्थानात कामाला जाण्यासाठी तयार होणाऱ्या बाया होत्या आणि त्यांना मराठी यावयास हवे होते. रमाबाईंनी त्यांना मराठी शिकवावे आणि त्याबदली राहणे, जेवण व इंग्रजीचे शिक्षण घ्यावे, असा करार ठरला. म्हणजे या विलायतेस जाणार त्या इकडे येणाऱ्यांची तयारी करून देण्यासाठी. देणे-घेणे बरोबरीचे. परक्याच्या घरी राहावयाचे तर काहीतरी हातभार लावून राहावे, हे आपल्या आया-सासवांनीही आपल्याला शिकविलेलेच आहे.

राहण्याची सोय झाली, पण आगबोटीचे भाडे? तेही मागितले नाही. त्यांनी स्त्रीधर्मनीति नावाचे पुस्तक लिहिले, १८८२ सालीच ते छापून निघाले आणि त्याच्या विक्रीच्या पैशांतून प्रवासाचा खर्च निघाला. ते पुस्तक मी वाचावयास घेतले होते. प्रामाणिकपणे सांगते, मला ते जड गेले. पानापानावर संस्कृत शब्द. त्या वेळच्या टीकाकारांनीही भाषा बोजड असल्याची कुरकुर केली होती असे वाचले, तेव्हा माझ्या जिवाला बरे वाटले. आत उपदेश आहे तो असा की, स्त्रियांनी आळस सोडावा, विद्या शिकावी, स्वतःच्या बळावर उभे राहावे, घर नीट चालवावे, मुलांना चांगले वळण लावावे. बंडखोर म्हणून ज्या बाईचे नाव झाले तिचे पहिले पुस्तक इतके सौम्य असेल असे मला वाटले नव्हते. पण पुस्तक खपले आणि तिकीट निघाले, हे खरे.

सोबतीचीही अडचण होती. आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण बरोबर यावयास तयार झाली. मनोरमेला मागे ठेवावयाचे नाही, हे पक्के. मागे ठेवणार तरी कोणाजवळ? ना सासर, ना माहेर. मुलगी नुकतीच दोन वर्षांची झालेली. महिनाभराचा समुद्रप्रवास, पुढे विलायतेची थंडी आणि खाण्यापिण्याचे नियम तर मोडावयाचे नाहीत. मांस-मासळी रमाबाईंनी कधी जवळ केली नाही, पुढे धर्म बदलल्यावरही नाही. आणि लोकांची बोलणी? ती तर तयारी न करताच मिळतात. ही बाई तिकडे जाऊन बाटणार, असे पुण्यात उघड बोलले जाई. आपण धर्म सोडणार नाही, असे त्यांनी स्नेह्यांना सांगितले होते. तो शब्द पुढे राहिला नाही, त्याची हकिगत आता येईलच.

१८८३ च्या एप्रिलमध्ये दोघी मैत्रिणी आणि ती चिमुरडी मुंबईहून निघाली. योगायोग असा की त्याच महिन्याच्या आरंभी आनंदीबाई जोशी डॉक्टरीण होण्यासाठी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या होत्या. या दोघी एकमेकींच्या दूरच्या नात्यातल्या. एकाच महिन्यात दोन मराठी बाया, हिंदुस्थानच्या दोन किनाऱ्यांवरून समुद्रात उतरल्या. एकीच्या मागे नवऱ्याचा हट्ट होता, तर दुसरीच्या मागे कोणीही नव्हते. या प्रवासाची हकिगत रमाबाईंनी पत्रातून लिहून धाडली आणि ती इंग्लंडचा प्रवास या नावाने त्याच वर्षी छापली गेली.

मे महिन्याच्या मध्यास त्या वाँटेजला पोचल्या. ठरल्याप्रमाणे मराठीचे धडे सुरू झाले. परंतु काही महिन्यांतच फार वाईट घडले. आनंदीबाई भगत यांचे मन ठिकाणावर राहिले नाही. आपल्याला जबरीने ख्रिस्ती करतील या धास्तीने त्यांना ग्रासले होते असे लिहिलेले आढळते. त्यांनी त्या परक्या गावी आपला जीव दिला. रमाबाईंच्या चरित्रात या बाईला एक-दोन ओळी मिळतात. मला मात्र ती वारंवार आठवते. मैत्रिणीच्या भरवशावर घर सोडून गेली. परत आली नाही. तिच्यासाठी तयारी कोणी केली होती?

या घटनेने रमाबाई अगदी खचल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. पुण्यात संतापाची लाट उठली. आपल्या मंडळात या गोष्टीवर वाद होईल हे मी जाणून आहे. मी स्वतः सकाळी देवपूजा केल्याशिवाय चहा घेणारी बाई आहे. तरीही मला वाटते ते लिहिते. जबरदस्ती झाली असे म्हणावे तर रमाबाई कोणाच्या जबरदस्तीला वाकणाऱ्या नव्हत्या, हे पुढच्या तीन वर्षांत त्या मठातल्या बायांनीच पाहिले. एकाकीपणाने झाले असे म्हणावे तर एकट्या त्या आधीही होत्या. विधवेला आणि पतितेला जवळ घेणारी माणसे त्यांना तिकडे दिसली, आणि आपल्याकडे ती दिसली नव्हती, हा त्यांच्या मनावरचा मोठा ठसा होता. मनुष्य धर्म का बदलतो, हा प्रश्न नागपूरकरांना परका नाही. १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस याच शहराने पाहिला आहे. कारणे वेगळी, वाट वेगळी, हे कबूल. पण आपल्या घरात ज्याला जागा मिळत नाही तो दुसरे दार ठोठावतो, आणि मग दोष केवळ जाणाऱ्याला देऊन भागत नाही.

बाप्तिस्मा घेतला म्हणून त्या मठाच्या मुठीत गेल्या असे झाले नाही. १८८४ पासून त्या चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात शिकू लागल्या आणि संस्कृत शिकवू लागल्या. तेथील मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी त्यांना फार आधार दिला. बाईने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर तिकडच्या बिशपांनी हरकत घेतली, म्हणजे सुधारलेल्या विलायतेतही सोवळेओवळे होतेच! आपल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे न घालता संस्कृत घालावी असा रमाबाईंनी आग्रह धरला. मनोरमेला कसे वाढवावयाचे यावरून सिस्टर जेराल्डिन या गुरुस्थानी असलेल्या बाईंशी त्यांचा लांबलचक पत्रव्यवहार झाला. परक्याच्या घरी राहूनही आपले म्हणणे सोडले नाही. डॉक्टर होण्याचा बेत मात्र सोडावा लागला, कारण कानांनी नीट ऐकू येईना. ज्या कामासाठी एवढा समुद्र ओलांडला तेच हातचे गेले. दुसरी एखादी रडत परत आली असती.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या, त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास. फिलाडेल्फियाच्या कॉलेजात ११ मार्च १८८६ रोजी तो समारंभ झाला आणि एक मराठी बाई डॉक्टर झालेली दुसऱ्या मराठी बाईने डोळ्यांनी पाहिले. पुढे अमेरिकेत त्या अडीच वर्षांहून अधिक राहिल्या, लहान मुलांना शिकविण्याची बालवाडीची पद्धत शिकल्या, गावोगाव व्याख्याने दिली, १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याचे फळ म्हणून बोस्टनच्या मंडळींनी विधवांच्या शाळेस दहा वर्षे मदत देण्याचे पत्करले. १८८९ च्या आरंभी त्या परत आल्या आणि ११ मार्च रोजी मुंबईस चौपाटीवर शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. धोंडो केशव कर्वे यांच्या द्वितीय पत्नी गोदूबाई या तेथल्याच विद्यार्थिनी. मुलींना ख्रिस्ती करतात, या आरोपावरून १८९३ साली मोठे वादळ झाले आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. मुलींना प्रार्थनेस बसू देणे म्हणजे त्यांना ओढणेच, असे विरोधकांचे म्हणणे. कोणी आपण होऊन आल्यास दार बंद करावयाचे नाही, असे रमाबाईंचे. मला दोन्ही बाजू समजतात. पण ज्या मुली घरी परत नेल्या त्यांचे पुढे काय झाले, हे विचारावयास कोणी गेले होते का?

ते दिवस कसे होते याचा एक मासला. १८९० साली त्याच पंचहौद मिशनात पुण्याच्या थोरामोठ्यांना चहापानास बोलाविले. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पुढे ठेवून घेतला. ती नावे वर्तमानपत्रात फोडली ती आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळरावांनीच. टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य झाले, आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. एका कपाची ही किंमत असेल तर रमाबाईंच्या तीन वर्षांची किती असेल, हिशेब करून पाहावा.

आता आपल्या प्रांताची गोष्ट. १८९६-९७ साली मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. त्या वेळी मध्यप्रांताची राजधानी आपले नागपूरच होते. बातमी कळताच रमाबाई निघाल्या. या वेळी तयारीला वर्ष लागले नाही. लहानपणी स्वतः पाला आणि कंदमुळे खाऊन दिवस काढलेले. उपाशी मुलीचे डोळे कसे दिसतात हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. दुष्काळी कामांवर, धर्मशाळांत, झाडांखाली पडलेल्या मुली आणि तरुण विधवा त्यांनी गोळा केल्या. मुलींना फसवून नेणारे लोकही त्या गर्दीत हिंडत होते, हे त्यांना दिसत होते, म्हणून घाई. सुमारे ३०० जणी त्यांच्याबरोबर आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग, इतक्या जणींना शहरात ठेवणे अशक्य. मग केडगावला घेतलेल्या शेतावर त्यांना नेले आणि तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजराथेकडूनही शेकडो मुली आल्या. विहिरी खणल्या, शेती केली, माग बसविले, तेलघाणी घातली, छापखाना काढला. अंध मुलींनाही शिकविण्याची सोय केली. मध्यप्रांतातून गेलेल्या त्या मुलींत आपल्याकडच्या गावांच्याही कोणी असतील. कोणाची पणजी, कोणाच्या पणजीची हरवलेली बहीण.

उतारवयात रमाबाईंनी आणखी एक काम अंगावर घेतले. बायबलचे मराठी भाषांतर होते, पण ते साध्या बायकांना कळत नाही, असे त्यांचे मत. म्हणून मूळ भाषांतून भाषांतर करावयाचे ठरवून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीतल्या बायकांनीच त्याचे खिळे जुळविले आणि छपाई केली. या भाषांतराची काही पाने मी वाचून पाहिली. धर्माचा भाग बाजूस ठेवा. मराठी अगदी सोपे, घरात बोलतो तसे. स्त्रीधर्मनीति लिहिणारी आणि हे लिहिणारी बाई एकच, यावर विश्वास बसत नाही. संस्कृतात भाषणे करून कलकत्ता गाजविणाऱ्या पंडितेला माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईला कळेल असे लिहावयास चाळीस वर्षे लागली.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ई-हिंद पदक दिले. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा वारली. दोन वर्षांची असताना कडेवर घेऊन जिला विलायतेस नेले आणि जिच्या हाती मुक्ती सोपवावयाची होती, ती आईच्या आधी गेली. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आतच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी केडगावलाच देह ठेवला. संपूर्ण बायबल त्यांच्या मागे छापून पुरे झाले. केडगाव हे दौंड आणि पुणे यांच्यामधले स्टेशन. आपण नागपूरहून पुण्यास जातो ती गाडी त्यावरूनच जाते, आणि मुक्ती मिशन तेथे अजून चालू आहे.